काजू बाधला म्हणजे नेमकं काय झालं?

ओल्या काजूचा आणि फणसाचा हंगाम आला की ‘बाधलं’ हा शब्द असलेली पत्रं वाढतात. हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. काजूच्या चिकाने हात उतले तरी बाधलं, सुरणाने घसा खाजला तरी बाधलं आणि काजूकतली खाऊन श्वास अडला तरी बाधलंच. पण शरीरात घडणाऱ्या या तीन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत, आणि जीव जाण्याचा खरा धोका त्यातल्या एकीत आहे. या वेळची उत्तरं वाचताना प्रत्येक ठिकाणी हे वेगळेपण लक्षात ठेवा.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. लग्नात तिने काजूकतलीचा अर्धा तुकडा खाल्ला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली, मग खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी ॲव्हिलचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात ती खेळायला लागली. घरात सगळे म्हणतात, पित्त उठलं होतं. पूर्वी काजू खाल्ल्यावर ‘जीभ खाजते’ एवढंच म्हणायची. – एक आई, वेंगुर्ला

उत्तर : हे पित्त नव्हतं. ही ॲनाफायलॅक्सिस होती, म्हणजे सगळ्या शरीराला एकदम घेरणारी तीव्र ॲलर्जी. तिची ओळख अशी : नेहमीचा संशयित पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत शरीराच्या दोन किंवा अधिक भागांत त्रास सुरू होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत त्वचा (गांधी, सूज), पोट (उलट्या) आणि श्वासमार्ग (खोकला, घोगरा आवाज) असे तिन्ही भाग आले. यातला घोगरा आवाज सगळ्यात गंभीर. स्वरयंत्राजवळ सूज चढत असल्याची ती खूण आहे. गांधींनी माणूस दगावत नाही. दगावतो तो घसा बंद झाल्यामुळे, दम्यासारखा श्वास कोंडल्यामुळे किंवा रक्तदाब कोसळल्यामुळे. म्हणूनच आणखी एक गोष्ट सांगतो : दहापैकी एखाद्या रुग्णाच्या अंगावर काहीच उठत नाही. ‘पित्त नाही, म्हणजे ॲलर्जी नाही’ असं धरून चालू नका.

शरीरात घडतं ते असं. काजूच्या गरात काही प्रथिनं असतात. त्यांच्याविरुद्ध शरीराने आधीच आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. गर पोटात गेला की या प्रतिपिंडांमार्फत मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिनसह कितीतरी रसायनं एकदम रक्तात उतरतात. ॲव्हिल किंवा सेट्रीझिन यांतलं फक्त हिस्टामिन अडवतं, म्हणून खाज आणि गांधी कमी होतात. घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब त्यांनी सावरत नाही. मुलगी त्या दिवशी बरी झाली ती बहुधा तिच्या शरीराने स्वतःच सोडलेल्या ॲड्रेनालिनमुळे. पुढच्या वेळी तसंच होईल, असं धरता येत नाही. मागची रिॲक्शन सौम्य होती यावरून पुढची किती तीव्र असेल ते ठरत नाही, आणि खाल्लेल्या तुकड्याच्या आकारावरूनही खात्रीने सांगता येत नाही.

आजपासून काजू पूर्ण बंद. पिस्ताही बंद, कारण दोन्ही एकाच कुळातली, त्यांची प्रथिनं इतकी सारखी की काजूची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना पिस्ताही सोसत नाही. याच कुळात आपली चारोळी येते आणि बिब्ब्याची गोडंबीसुद्धा, जी बाळंतिणीच्या लाडवांत घालतात. तपासणी होईपर्यंत त्या दोन्ही टाळा. बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, तेही नको, कारण त्याच्या रसातही गराच्या प्रथिनांशी जुळणारी प्रथिनं सापडली आहेत. काजू भाजून, तळून किंवा उकडून दिला तर चालेल, हा समज मात्र धोक्याचा आहे. यातली मुख्य प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत. ओल्या काजूगरांची उसळ अर्धा तास शिजवली तरी ती ॲलर्जी असलेल्या मुलासाठी काजूच राहते.

प्रश्न : माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, मागच्या वर्षी मरता मरता वाचला. ग्रामीण रुग्णालय आमच्यापासून चाळीस मिनिटांवर, पावसात तासभर. प्रसंग आला तर घरात नेमकं काय करायचं? – एक वडील, राजापूर तालुका

उत्तर : हा प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण अन्नातून येणाऱ्या जीवघेण्या रिॲक्शनमध्ये श्वास थांबायला बऱ्याचदा अर्धा तासही पुरतो. तुमचा रस्ता त्याहून लांब आहे. औषध रुग्णालयात असून भागणार नाही, ते तुमच्या घरात हवं.

औषध एकच : ॲड्रेनालिन. ते मांडीच्या स्नायूत, लवकर दिलं तरच काम करतं. परदेशी चित्रपटांत दिसणारं पेनासारखं ऑटो-इंजेक्टर गावच्या मेडिकलवर मिळत नाही. आपल्याकडचा व्यवहार्य मार्ग म्हणजे साध्या अँप्यूल आणि सिरिंज, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणि त्यांच्याकडून हात बसवून घेऊनच. अँप्यूल १ मिलीची असते आणि तिच्यात १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन असतं. काही कंपन्यांच्या लेबलवर ॲड्रेनालिन बायटार्ट्रेट १.८ मिलिग्रॅम असं लिहिलेलं दिसतं, तेही हेच. त्याने गोंधळून जाऊ नका.

डोस वजनावर ठरतो, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या बाळाला ०.१ मिली, २० किलोच्या मुलाला ०.२ मिली, ३० किलो व त्यापुढच्या मुलाला ०.३ मिली आणि मोठ्या माणसाला ०.५ मिली, याहून जास्त एका वेळी नाही. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद अँप्यूलच्या डबीतच चिकटवा. मूल वाढलं की आकडाही बदला. सिरिंज १ मिलीची, खुणा ०.०१ च्या असलेली घ्या आणि सुई २३ गेजची, २५ मिलिमीटर लांब. इन्सुलिनची सिरिंज चालणार नाही. तिच्यावरच्या खुणा युनिटमध्ये असतात, घाईत चुकीचा डोस जातो, शिवाय तिची सुई आखूड असल्याने औषध स्नायूऐवजी चरबीत राहतं आणि उशिरा लागू होतं.

कृती : अँप्यूलच्या मानेतलं औषध टिचकीने खाली आणा, कापसात धरून मान मोडा, ठरलेलं औषध ओढा, बुडबुडा काढा. मांडीची बाहेरची बाजू, कुल्हा आणि गुडघा यांच्या साधारण मध्यावर, सुई सरळ काटकोनात पूर्ण आत आणि औषध सोडा. शिरेत कधीच नाही. ते फक्त रुग्णालयाचं काम, घरी केलं तर हृदयाची लय बिघडू शकते. नंतर काही मिनिटं चेहरा पांढरा पडेल, हात थरथरतील, छाती धडधडेल. हा औषधाचाच परिणाम आहे, घाबरू नका. त्रास थांबला नाही किंवा परत वाढला तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरा डोस, दुसऱ्या मांडीत. म्हणूनच घरात कमीत कमी दोन अँप्यूल ठेवायच्या.

१०८ ला फोन करताना ‘ॲलर्जीने श्वास अडतोय, ॲड्रेनालिन हवं’ हे शब्द वापरा, नुसतं ‘पित्त उठलं’ म्हणू नका. सोबत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही फोन करा. लसीकरणाच्या वेळी होणाऱ्या ॲलर्जीसाठी आणि सर्पदंशाची लस देताना लागतं म्हणून तिथे ॲड्रेनालिन ठेवलेलं असतं. पण हंगाम सुरू होण्याआधीच एकदा जाऊन विचारा : रात्री कोण असतं, दारं कोण उघडतं, औषध कुठे असतं.

आता एक चूक, जी आपल्या भागात हमखास होते. रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. रक्तदाब पडलेल्या माणसाला एकदम बसतं किंवा उभं केलं तर हृदयाकडे परतणारं रक्त तुटतं आणि जागच्या जागी जीव जाऊ शकतो. त्याला पाठीवर निजवा, पाय उशीवर उंच. श्वासाचाच त्रास जास्त असेल तर पाय सरळ ठेवून अर्धवट टेकवून बसवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर, गरोदर बाईलाही डाव्या कुशीवर. गाडी लागेपर्यंत निजवलेलंच ठेवा आणि चालवत नेऊ नका, बरं वाटतंय असं तो म्हणाला तरी. पाणी, सोलकढी, लिंबूपाणी तोंडात काही घालू नका. दमा असेल तर सालब्युटामॉलचा पंप ॲड्रेनालिननंतर द्या, त्याऐवजी नव्हे. दमा नीट ताब्यात नसणं हा या मुलांच्या मृत्यूमागचा मोठा धोका आहे, तेव्हा रोजचा पंप चुकवू नका.

बरं वाटल्यावरही रुग्णालयात काही तास थांबा. काहींना पहिली लाट ओसरल्यावर पुन्हा काही खाल्लं नसतानाही दुसरी येते, बहुधा आठ-दहा तासांत, क्वचित तीन दिवसांतही. स्टिरॉइड देतात, पण त्याचा परिणाम दिसायला कित्येक तास लागतात. तातडीच्या क्षणी ते उपयोगाचं नाही.

अँप्यूल २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवा. मांगरात पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत नको. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही नको, औषध गोठू देऊ नये. औषध तपकिरी झालं किंवा त्यात कण दिसले तर टाकून द्या. तारीख दर तीन महिन्यांनी बघा. आणि पाणी भरलेल्या सिरिंजने महिन्यातून एकदा घरातल्या दोन माणसांनी सराव करा. एकच माणूस शिकलेला असला तर तो नेमका त्या दिवशी वाडीत नसतो.

प्रश्न : काजूची ॲलर्जी कळल्यावर आम्हाला नारळ, आंबा, तीळ, सगळ्याच ‘नट’ बंद करायला सांगितलं. आमच्या घरात नारळाशिवाय कालवणच होत नाही. – एक गृहिणी, देवगड

उत्तर : नारळ सुरू ठेवा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो काजूचा नातेवाईक नाही, तो ताडमाडाच्या कुळातला आहे. त्याची ॲलर्जी होऊ शकते, पण ती क्वचितच, आणि काजूच्या ॲलर्जीतून ती आपोआप येत नाही. आजवर नारळ खाऊन काही झालं नसेल तर तो काढून ताट उघडं करण्याचं कारण नाही. आंबा काजूच्याच कुळातला खरा, पण आंब्याच्या गराची प्रथिनं काजूच्या गरापेक्षा वेगळी आहेत आणि काजूची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं हापूस सुखाने खातात. तीळ आणि शेंगदाण्याचा विचार स्वतंत्रपणे, तपासणीनंतर करा. बदाम आणि अक्रोडही तसंच. विनाकारण सगळं बंद केलं की मुलाचं वजन आणि उंची मागे पडते आणि आईचाही जीव मेटाकुटीला येतो.

प्रश्न : दर वर्षी काजू फोडताना हात उततात, एकदा तोंडही सुजलं. काजू खाल्ल्यावर मात्र काही होत नाही. मला ही मोठी ॲलर्जी आहे का? – एक बागायतदार, सावंतवाडी

उत्तर : तुमची तक्रार वेगळ्या गोष्टीची आहे. काजूच्या कवचात असतो तो चीक. त्यात ॲनाकार्डिक ॲसिड आणि कार्डोल हे तेलकट, जाळणारे पदार्थ असतात. बिब्ब्याचा चीक आणि आंब्याच्या देठाचा चीकही याच जातीचा. तो थेट भाजतो, शिवाय काहींच्या त्वचेत त्याच्याविरुद्ध उशिराची ॲलर्जी तयार होते. हात लागल्यानंतर एक ते तीन दिवसांनी लाल चट्टे, फोड आणि पाणी सुटणं, हे तिचं लक्षण. यात श्वास अडत नाही, रक्तदाब पडत नाही, ॲड्रेनालिन लागत नाही.

फोडताना जाड रबरी हातमोजे, त्यांच्या आत सुती मोजे. ते नसतील तर हाताला आधी खोबरेल किंवा कोकमतेल नीट चोळा आणि राखेत घोळून बी धरा, जसं म्हाताऱ्या बायका करत आल्या. काम संपल्यावर साबण आणि पाणी, नखांखालीही. चिकाच्या हाताने तोंड-डोळे पुसू नका, कपडे वेगळे धुवा. कवचं पेटवू नका, त्या धुरातही ते तेल असतं. चीक डोळ्यात उडाला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञ स्टिरॉइडचं मलम देतील, चेहरा सुजला असेल तर गोळ्याही.

तुमच्यासारख्यांनी नीट भाजलेला, वरची साल काढलेला गर खाल्ला तर सहसा काही होत नाही. पण घाईत सोललेल्या गराला कवचाचं तेल लागलेलं राहिलं तर दोन-तीन दिवसांनी ओठांभोवती किंवा गुदद्वाराशी पुरळ येतं. आंबा चोखल्यावर ओठ उततात तेही याच कारणाने. देठ कापून आंबा थोडा वेळ उलटा ठेवून चीक निथळू द्या, धुवा, साल काढून फोडी खा.

प्रश्न : कापा फणस खाल्ला की ओठ-घसा खाजतो, केळ्यानेही. मी दोडामार्गात रबराच्या बागेत काम करतो. – एक वाचक

उत्तर : रबराच्या चिकाची आणि फळांची ही जोडी ओळखीची आहे. ज्यांना नैसर्गिक रबराच्या प्रथिनांची ॲलर्जी असते त्यांना केळं, पपई, किवी, ॲव्होकॅडो आणि काहींना फणसही बाधतो, कारण या फळांतली काही प्रथिनं रबरातल्या प्रथिनांसारखीच असतात. फुगा फुगवताना ओठ सुजतात का? रबरी मोज्यांनी हात खाजतो, गांधी येतात का? असेल तर ॲलर्जीतज्ज्ञांना भेटा, आणि ऑपरेशन किंवा दाताचं काम असेल तर आधीच सांगा, म्हणजे तिथे रबराचे मोजे वापरले जाणार नाहीत. तोपर्यंत फणस आणि केळं बंद ठेवा. तोंड खाजणं एवढ्यावरच थांबेल, याची हमी नाही.

प्रश्न : सुरणाने घसा खवखवला तर ॲलर्जी समजायची का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. सुरण आणि अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. ताटावरच्या सगळ्यांनाच खाजतं, अंगावर गांधी येत नाहीत. फोडी आमसूल किंवा चिंच घालून नीट शिजवल्या की त्रास बराच कमी होतो.

प्रश्न : गणपतीत दहा घरी आरती, दहा घरी प्रसाद. मुलीला काजू चालत नाही. काय बघायचं? – एक आई, मालवण

उत्तर : फक्त वर दिसणारे काजू बघून भागत नाही. शिऱ्यासाठी आधी तुपात काजू परतून बाजूला काढतात आणि त्याच तुपात रवा भाजतात. काजू वेचून काढले तरी तुपातलं प्रथिन शिऱ्यात राहतं. नारळीभातात तुकडे असतात, उकडीच्या मोदकाच्या सारणात आजकाल काजूचा चुरा घालतात. पिस्त्याच्या नावाखाली रंगवलेला शेंगदाण्याचा काप मिळतो, त्यामुळे शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्यांनी हिरवा काप खाऊ नये. हॉटेलात ‘व्हाइट ग्रेव्ही’ म्हणजे काजू, मगज आणि कांदा, हे धरूनच चाला. पनीर, कोफ्ता, मलई कोळंबी, सगळीकडे तीच. आपल्या घरचं खोबऱ्याच्या वाटणाचं कालवण अधिक सुरक्षित, पण आचाऱ्याला तोंडी विचारा : याच मिक्सरमध्ये आधी काजू वाटला का, झारा एकच आहे का? ‘थोडासाच’ हा शब्द ऐकला की तो पदार्थ सोडा.

मुलीसाठी डबा घरून न्या. हात आणि भांडी साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझरने प्रथिन जात नाही. बंद पुडक्यावर पाहा : २०२० च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-चिंबोरीसारखे कवचधारी जीव, सोयाबीन आणि ग्लुटेन असलेली धान्यं जाहीर करावी लागतात. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत, म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचा. सुट्या मिठाईवर काहीच छापलेलं नसतं. शाळेतही हे लेखी द्या, आणि मुलीच्या दप्तरात औषधाची डबी व डोसाचा कागद एकत्र ठेवा.

प्रश्न : रक्ताची दोनशे पदार्थांची ॲलर्जी तपासणी करून घ्यावी का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. त्यात बहुतेकदा आयजीजी नावाची वेगळीच प्रतिपिंडं मोजतात, जी आपण खात असलेल्या पदार्थांविरुद्ध कुणाच्याही अंगात असतात आणि ॲलर्जी ओळखायला उपयोगाची नाहीत. जे खाल्ल्यावर त्रास झाला त्या एक-दोन पदार्थांचीच त्वचेवरची टोचणी किंवा रक्तातलं आयजीई तपासा. टोचणी रिॲक्शननंतर चार ते सहा आठवड्यांनी करतात, आणि सेट्रीझिनसारखी गोळी आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर खोटा ‘नाही’ असा निकाल येतो. काजूसाठी एना-ओ-३ हे विशिष्ट प्रथिन तपासलं तर उत्तर अधिक नेमकं मिळतं. आकडा मोठा म्हणजे रिॲक्शन मोठी, असं मात्र नसतं. शंका उरली तर थोडा-थोडा पदार्थ खायला देऊन पाहतात, पण ते रुग्णालयात, ॲड्रेनालिन हाताशी ठेवूनच. घरी ‘जरा चाखून पाहा’ हा प्रयोग करू नका.